ज्युलिएट एकटी कशी पडली?

शेक्सपिअरच्या शोकांतिका : लेखांक ६

गेल्या लेखाच्या शेवटी एक प्रश्न ठेवला होता. रोमिओ आणि ज्युलिएटच्या मृत्यूला जबाबदार कोण? इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या अनेकांनी हा प्रश्न परीक्षेत सोडवलेला असेल. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. घराण्यांचं वैर, नियती, फ्रायर लॉरेन्सची कारस्थानं आणि प्रेमिकांचा उतावळेपणा यांना थोडा थोडा दोष वाटून द्यायचा आणि शेवटी ‘सगळेच जबाबदार’ असं लिहून मोकळं व्हायचं. या उत्तराचा मला मनापासून राग येतो. सगळे जबाबदार म्हटलं की कुणालाच जाब विचारावा लागत नाही.

शिवाय प्रश्नातच एक गफलत आहे. मृत्यू दोन आहेत, आणि ते एका कारणाने झालेले नाहीत. रोमिओ विष पितो तेव्हा ज्युलिएट जिवंत आहे हे त्याला ठाऊक नसतं. ज्युलिएट खंजीर उचलते तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर असते, काय घडलंय ते तिला कळलेलं असतं, आणि तिला तिथून नेऊ शकणारा माणूस काही क्षणांपूर्वीच तिच्यापासून दूर गेलेला असतो. म्हणून या दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

आधी रोमिओचं पाहू, ते त्यातल्या त्यात सरळ आहे.

ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबल्टला, मारल्यावर रोमिओला हद्दपारीची शिक्षा होते. त्याला मँटुआला धाडताना फ्रायर शब्द देतो की इथली खबरबात मी तुझ्याच नोकराकरवी कळवत राहीन. हा नोकर म्हणजे बाल्थझार. ऐन वेळी मात्र फ्रायर बाल्थझारला काहीच सांगत नाही. ज्युलिएट मेलेली नाही, फ्रायरनेच दिलेल्या औषधाने निपचित पडली आहे, हे सांगणारं पत्र तो फ्रायर जॉनच्या हाती देतो. जॉनला प्रवासात सोबत म्हणून आपल्याच पंथाचा एक साधू हवा असतो, आणि तो साधू नेमका आजाऱ्यांच्या सेवेत गुंतलेला असतो. नगराच्या तपासनिसांना संशय येतो की हे दोघे साथीच्या घरात जाऊन आलेत. ते दारं बंद करून टाकतात. लोकांना संसर्गाची इतकी धास्ती की पत्र परत न्यायलाही माणूस मिळत नाही. हे नाटक साधारण १५९५च्या आसपासचं. त्याआधी १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बराच काळ बंद होती. माणसं आत ठेवून घराची दारं बंद करतात म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नव्हती. मरता मरता रोमिओचा मित्र मर्क्युशिओ दोन्ही घरांना प्लेगचा शाप देतो ते आपण मागे पाहिलंच. पत्र अडतं तेही प्लेगपायीच.

इकडे कशाचीच कल्पना नसलेला बाल्थझार मृत्यूची बातमी घेऊन तातडीने मँटुआ गाठतो. रोमिओ त्याला विचारतो, फ्रायरचं पत्र आहे का? नाही म्हटल्यावर ते असू दे म्हणतो आणि घोडे आणायला सांगतो. एक दिवस थांबला असता तर! पण थांबणं त्याच्या स्वभावात नाही. पोटाला महाग झालेल्या एका औषधविक्याकडून तो चाळीस डुकॅट मोजून विष घेतो. कबरीत पोचल्यावर ज्युलिएटच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे हे त्याला दिसतं, तो तसं बोलूनही दाखवतो, आणि तरीही त्याचा अर्थ त्याच्या लक्षात येत नाही. हे वाक्य दर वेळी वाचताना जीव वरखाली होतो. रोमिओच्या मृत्यूत दुर्दैवाचा वाटा मोठा आहे, त्याच्या उतावीळपणाचाही कमी नाही, आणि बाल्थझारला अंधारात ठेवणाऱ्या फ्रायरच्या ढिसाळपणाचाही आहे.

ज्युलिएटची गोष्ट वेगळी आहे. तिच्या मृत्यूची सुरुवात कबरीत होत नाही. ती होते मंगळवारी सकाळी, तिच्या स्वतःच्या खोलीत.

शेक्सपिअरने ही कथा घेतली ती मुख्यतः आर्थर ब्रूकच्या १५६२ सालच्या दीर्घ काव्यातून. ब्रूकने वाचकांसाठी जोडलेल्या निवेदनात निकाल आधीच देऊन टाकलाय : आईबापांचं न ऐकणारी, वासनेच्या आहारी गेलेली आणि भोंदू साधूंच्या व बडबड्या बायांच्या सल्ल्याने चालणारी मुलं अशीच मरतात. प्रत्यक्ष काव्य या निवेदनापेक्षा पुष्कळ दयाळू आहे. ब्रूकची ज्युलिएट सोळाच्या घरात आहे आणि तिची गोष्ट कित्येक महिने चालते. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदा पूर्ण व्हायला पंधरवडा कमी आहे, आणि सगळा खेळ रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात आटोपतो. काळ आखडला तो वेगासाठी, हे खरंच. पण वय कशासाठी उतरवलं? माझ्या मते, नायिका एवढी लहान केली की तिच्याभोवतीची मोठी माणसं काय करतात याकडे दुर्लक्ष करणं अशक्य होतं, त्यासाठी.

मंगळवारी पहाटे रोमिओ दोराच्या शिडीने उतरून जातो. सोमवारी दुपारी दोघांचं गुपचूप लग्न, त्याच दुपारी टिबल्टचा मृत्यू, रात्र सोबत आणि पहाटे ताटातूट. ते अश्रू सुकायच्या आत आई येते आणि सांगते, गुरुवारी सेंट पीटर चर्चमध्ये पॅरिसशी तुझं लग्न आहे. ज्युलिएट नकार देते. मग बाप येतो.

कॅप्युलेट मुळात राक्षस नाही, म्हणून हा प्रवेश इतका भयंकर वाटतो. रविवारी याच बापाने पॅरिसला सांगितलं होतं की मुलगी लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत, आधी तिचं मन जिंका. तिची पसंती महत्त्वाची. त्याच रात्री मेजवानीत रोमिओ शिरल्याचं कळल्यावर टिबल्ट तलवारीला हात घालतो, तेव्हा कॅप्युलेटनेच त्याला दटावून थांबवलं होतं आणि रोमिओ गुणी मुलगा आहे, गाव त्याचं कौतुक करतं, असं म्हटलं होतं. आता मात्र मुलीने नाही म्हणताच तो बिथरतो. चर्चला चालत आली नाहीस तर गुन्हेगारांना ओढून नेतात तशी फरफटत नेईन, म्हणतो. हात शिवशिवताहेत, म्हणतो. भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, मी तुला ओळखणार नाही, म्हणतो. फार तापलात, इतकंच त्याची बायको पुटपुटते. चूक तुमची आहे, पोरीला असं बोलू नका, हे मालकाच्या तोंडावर सांगायची हिंमत त्या खोलीत फक्त दाईला होते, आणि तिला लगेच गप्प बसवलं जातं.

बाप निघून गेल्यावर ज्युलिएट आईला विनवते : एक महिना, निदान एक आठवडा हे लग्न पुढे ढकल. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, तुला हवं ते कर, मी आता यात नाही. आणि जाते.

उरते दाई. हिचं दूध पिऊन ज्युलिएट वाढली. हिची स्वतःची सुसान ज्युलिएटच्याच वयाची होती, ती तान्हेपणीच गेली. ज्युलिएटला अंगावरून कसं तोडलं, त्या दिवशी भूकंप कसा झाला, स्तनाला कडू दवणा कसा लावला होता, हे पहिल्या अंकात ती सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवते. रोमिओशी झालेल्या लग्नाची तिला पहिल्यापासून माहिती आहे. दोराची शिडीही तिनेच आणून दिली. ज्युलिएट तिला म्हणते, काहीतरी धीराचं बोल. दाई थोडा विचार करते आणि सांगते की रोमिओ परत येणार नाही, तो असून नसल्यासारखा. तू पॅरिसशी लग्न कर, तो याच्यापेक्षा चांगला आहे.

दाईवर मी फार चिडू शकत नाही. घरातल्या नोकर बाईने मालकाचा अवतार आत्ताच पाहिलेला आहे, आणि मुलगी जिवंत राहावी एवढंच तिला हवंय. पण त्या क्षणी ज्युलिएटच्या आत काहीतरी कायमचं बंद होतं. ती शांतपणे म्हणते, आईला सांग, मी पापांची कबुली द्यायला फ्रायरकडे गेले. दाई वळताच ती ठरवते की यापुढे मनातलं हिला सांगायचं नाही. एका सकाळी तीन माणसांनी तेरा वर्षांच्या मुलीला वाऱ्यावर सोडलं. चौथा तेवढा उरला.

फ्रायर लॉरेन्स भला माणूस आहे यात शंका नाही. वनस्पती ओळखणारा, हळू चाला म्हणून सांगणारा. या लग्नातून दोन घरांचं वैर मिटेल, या आशेनेच त्याने ते लावलं. पण सोमवारी त्याच्याच खोलीत रोमिओने स्वतःवर शस्त्र उगारलं होतं आणि फ्रायरनेच त्याला आवरलं होतं. मंगळवारी त्याच खोलीत ज्युलिएट हातात सुरी घेऊन उभी राहते. दोघं काय करू शकतात हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शिवाय त्याच्या हातात एक साधा उपाय आहे : हिचं लग्न झालंय, ते मी लावलंय, दुसरं लागू शकत नाही, हे उठून कॅप्युलेटला सांगायचं. योग्य वेळ पाहून लग्न जाहीर करू, राजाची माफी मागू, असं रोमिओला त्यानेच सांगितलं होतं. टिबल्ट मेल्यावर कॅप्युलेटने हे ऐकून घेतलं असतं याची खात्री नाही, हे मान्य. तरी ते बोलण्याचा धोका त्याने स्वतः पत्करायला हवा होता. तो धोका त्याने औषधाच्या कुपीत भरून मुलीच्या हाती दिला.

मंगळवारच्या रात्री कुपी तोंडाला लावण्याआधीचं ज्युलिएटचं स्वगत पुन्हा काढून वाचा. मंगेश पाडगावकरांचा मराठी अनुवाद हाताशी असेल तर त्यात वाचा. दाईला परत हाक मारावी असं तिला क्षणभर वाटतं, मग ती थांबते, कारण हे एकटीनेच करायचं आहे. आणि मग तिच्या मनात येतं : हे लग्न आपण लावलं ही गोष्ट उघडी पडून बेअब्रू होऊ नये, म्हणून फ्रायरने आपल्याला विषच दिलं असेल तर? ती लगेच स्वतःला समजावते की तसा तो नाही. फ्रायरने विष दिलेलं नव्हतं. पण स्वतःला वाचवताना हा माणूस आपल्याला टाकून देईल, ही तेरा वर्षांच्या मुलीची भीती अगदीच वावगी नव्हती.

बाकीचं पुढे कॅप्युलेटच्या घाईने केलं. मुलगी माफी मागते म्हटल्यावर खूश होऊन त्याने लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं आणि फ्रायरचं सगळं गणित एका दिवसाने कोलमडलं.

आता कबरीत या. फ्रायर थडग्यांना अडखळत पोचतो तेव्हा रोमिओ येऊन अर्धा तास उलटलेला असतो. पॅरिस मेलेला, रोमिओ मेलेला, आणि ज्युलिएट जागी होते. शुद्धीवर येताच ती विचारते, माझा नवरा कुठे आहे? बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते. फ्रायर सांगतो की तुझा नवरा तिथे मरून पडलाय, पॅरिसही. चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. प्रश्न विचारू नकोस, पहारेकरी येताहेत, मला आता इथे थांबायची छाती नाही. ती म्हणते, तू जा, मी येणार नाही. आणि तो जातो.

या ओळी मंचावर भर्रकन निघून जातात, म्हणून निसटतात. तिने नाही म्हटलं, हे फ्रायरचे वकील सांगतील. कबरीत, नवऱ्याच्या प्रेताशेजारी जाग आलेल्या त्या मुलीने दुसरं काय म्हणायचं होतं? हिच्या हातात सुरी त्याने मंगळवारीच पाहिली होती, आणि इथे रोमिओचा खंजीर हाताशी आहे. एक मिनिट थांबला असता तर पहारेकऱ्यांनी त्याला पकडलं असतं. तसंही पकडलंच, बाहेरच, थरथरत आणि रडत असताना. जुन्या इटालियन कथांमध्ये, म्हणजे लुइजी दा पोर्तो आणि बांदेल्लो यांच्याकडे, ज्युलिएट जागी होते तेव्हा रोमिओत अजून धुगधुगी असते आणि दोघं बोलतात. १७४८मध्ये डेव्हिड गॅरिकने आपल्या प्रयोगात तसं संभाषण घातलं, आणि प्रेक्षकांना ते पुढे कित्येक वर्षं आवडत राहिलं. शेक्सपिअरने तो दिलासा तिला दिला नाही. तिच्याशी बोलायला त्याने एकच जिवंत माणूस ठेवला, आणि तो पळाला.

नंतर सगळ्यांसमोर फ्रायर सारं खरं सांगतो. चाहुलीने घाबरून मी बाहेर पडलो, हेही लपवत नाही, आणि दोष असेल तर माझा जीव घ्या म्हणतो. ते ऐकून दोन्ही म्हातारे तिथल्या तिथे हात मिळवतात. मंगळवारी जे कुणी बोललं नाही, ते गुरुवारी पहाटे बोलल्यावर काही मिनिटांत पिढ्यांचं वैर संपतं. मग एक बाप ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारायचं जाहीर करतो, आणि दुसरा तितकाच भारी पुतळा रोमिओचा. राजा आपल्या डोळेझाकीचा दोष कबूल करतो, फ्रायरला सज्जन म्हणून सोडतो आणि काहींना माफी, काहींना शिक्षा मिळेल असं सांगून निघतो. ब्रूकने ही यादी दिली होती : औषधविक्याला फाशी, दाईला हद्दपारी, फ्रायर मोकळा. म्हणजे सर्वांत गरीब माणूस फासावर गेला, आणि कॅप्युलेटला कुणी काही विचारलं नाही. शेक्सपिअरने यादी गाळली, ते बरं केलं. मला विचाराल तर रोमिओच्या मृत्यूसाठी मी कुणाला कठड्यात उभं करणार नाही. ज्युलिएटच्या मृत्यूसाठी आधी तिच्या बापाला उभं करीन, मग फ्रायरला.

पुढच्या लेखात ‘ऑथेल्लो’तली एमिलिया. तिच्यासमोरही बिछान्यावर एक निरपराध स्त्री मरून पडलेली असते. गप्प बस आणि घरी जा, असं नवरा तलवार उपसून सांगत असतो. ती जात नाही, आणि बोलायचंही थांबत नाही.