उत्तर पाठ आहे, पण 'का' ते माहीत नाही!

चेकर्स म्हणजे बुद्धिबळाचा धाकटा भाऊ, असा आपला समज असतो. पट तोच ६४ घरांचा, पण खेळायचं फक्त ३२ काळ्या घरांत, प्रत्येकी १२ सोंगट्या घेऊन. चाल तिरकी. आणि एक कडक नियम : समोरची सोंगटी मारता येत असेल तर मारावीच लागते.

बरीचशी कोडी या नियमावरच उभी असतात. "पांढऱ्याने खेळून जिंकावे" असं कोडं दिलं की मुरलेला खेळाडू प्रत्येक चाल तपासत बसत नाही. 'ही सोंगटी फुकट दिली तर त्याला मारावीच लागेल, मग तो कुठे येऊन अडकेल?' असा तो विचार करतो. म्हणजे आधी शेवट दिसतो, मग वाट सापडते.

कॉम्प्युटरचं नेमकं उलट. मी हे खेळलो, तू ते खेळलास... अशा फांद्या उघडत तो पुढे जातो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी १९८९ साली 'चिनूक' हा प्रोग्रॅम सुरू केला. १९९० च्या एका डावात त्याने दहावी चाल केली आणि जगज्जेते मॅरियन टिन्सली लगेच म्हणाले, याचा पश्चात्ताप होईल! प्रोग्रॅमला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. ३६ व्या चालीला त्याने हार मानली. टिन्सली हे गणिताचे प्राध्यापक, बरं का! १९९२ साली लंडनला त्यांनी चिनूकला ४-२ असं हरवलं. ३३ डाव बरोबरीत सुटले. १९९४ च्या सामन्यात सहा बरोबऱ्यांनंतर आजारपणामुळे त्यांना माघार घ्यावी लागली आणि १९९५ मध्ये ते गेले.

शेफर मात्र थांबले नाहीत. १० किंवा त्याहून कमी सोंगट्यांच्या प्रत्येक स्थितीचं उत्तर त्यांनी साठवलं. अशा स्थिती सुमारे ३९ लाख कोटी! २००७ साली सिद्ध झालं की दोघेही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो.

मग माणसाचं काम संपलं? नाही. समजा, तीन चाली आहेत आणि तिन्ही बरोबरीच्या. साठवलेल्या तक्त्यात तिघींपुढे फक्त 'बरोबरी' लिहिलेलं असणार. माणूस विचारतो, कोणत्या चालीनंतर समोरच्याला वाचायची एकच वाट उरते? तो नेमकी तीच चाल खेळतो. तक्ता चुकत नाही, पण समोर बसलेला माणूस कुठे चुकेल हे त्यात लिहिलेलं नसतं. ते हवं असेल तर प्रोग्रॅमला वेगळं शिकवावं लागतं.

आपलंही तसंच नाही का? जुन्या पेपरांची उत्तरं पाठ करून पास होता येतं. पण व्हायव्हाला सर फक्त "का?" एवढंच विचारतात आणि पंचाईत होते! म्हणून चेकर्सचं कोडं हाती आलं तर उत्तराचं बटण दाबण्याआधी पाच मिनिटं पटाकडे नुसतं बघा. कोणती सोंगटी फुकट देता येईल, एवढंच शोधा.