शिंदीचं मडकं आणि वटवाघूळ

तिन्हीसांजेला वडाच्या शेंड्यावरून एकामागून एक मोठी वटवाघळं सुटतात. पंख पसरले की चार फूट सहज भरतील. पण खाणं म्हणजे उंबर, पेरू, आंबा. चावून रस गिळायचा, चोथा थुंकायचा, बिया लांबवर टाकायच्या. रानाची पेरणी फुकटात!

याच वटवाघळांच्या अंगात निपाह विषाणू राहतो आणि त्यांना सहसा काही होत नाही. मलेशियात १९९८ साली तो डुकरांमार्फत माणसांत आला. बांगलादेशात वाट निराळी होती. तिथे हिवाळ्यात शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडकं टांगतात आणि पहाटे तो गोड रस कच्चाच पितात. संशोधकांनी झाडांवर अवरक्त कॅमेरे लावले, तेव्हा रात्री वटवाघळं तीच खाच चाटताना दिसली. लाळ आणि मूत्र रसात मिसळत होतं. उपाय निघाला तो साधा: खाच आणि मडकं झाकणारी बांबूची झापडी. रस काढणाऱ्या काही जुन्या लोकांना ती आधीच ठाऊक होती, हे विशेष.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांच्या २०२० साली घेतलेल्या नमुन्यांत निपाहची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे त्या वटवाघळांची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. माणसांत साथ आल्याचा तो पुरावा नव्हे. म्हणून वटवाघळांच्या वस्तीचं झाड तोडणं किंवा फटाके लावणं हा निव्वळ वेडेपणा. फक्त दातांच्या खुणा असलेलं उष्टं फळ खाऊ नका आणि खाली पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नका.