नाकाला रुमाल, पाठीवर विष

कपाशीला पाती-फुले लागली की विदर्भात फवारणीला वेग येतो. पाठीवर पंप, नाकाला रुमाल आणि अंगावर रोजचेच कपडे, हा फवारणाऱ्याचा ठरलेला वेष. त्यातला रुमाल सर्वांत कमी उपयोगाचा. विष श्वासातून जाते ही समजूत इतकी पक्की आहे की कातडीकडे कुणाचे लक्षच जात नाही. प्रत्यक्षात शेतात फवारणी करताना शरीरात शिरणारे विष बहुतांशी त्वचेतूनच शिरते. फवाऱ्याने भिजलेला रुमाल तर ते चेहऱ्याला चिकटवून ठेवतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला लागली होती. एरवी कमरेखाली राहणारा फवारा छाती-तोंडावर येत होता आणि ओल्या झाडांतून वाट काढताना कपडे चिंब होत होते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सारी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील द्रव कीटकनाशके. शेतकरी त्यांना ‘औषध’ म्हणतात, आणि निम्मी भीती त्या शब्दानेच जाते. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना जो निरोप देतात, तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोचला की एक विकर ते रसायन लगेच मोडून टाकते. ही कीटकनाशके त्या विकरालाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही: लाळ गळते, घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत कफ साठतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. किडीच्या शरीरातही हेच घडते; फरक फक्त मात्रेचा.

कातडी सगळीकडे सारखी नसते. हॉवर्ड मायबाक आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत स्वयंसेवकांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी याच गटातले पॅराथिऑन अत्यल्प मात्रेत लावून ते किती शोषले जाते हे मोजले. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के, तळव्यातून १२, कपाळातून ३६, काखेतून ६४, आणि जांघेतल्या वृषणाच्या त्वचेतून जवळपास सगळेच. आता पाठीवरचा गळका पंप आठवा. झाकणातून निसटलेला द्रव पाठीवरून कमरेला आणि तिथून पँटीत उतरतो. हात स्वच्छ धुऊन भाकरी खाणारा माणूस ओली पँट मात्र संध्याकाळपर्यंत अंगावरच ठेवतो.

सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नाही, मिश्रण करण्याचा आहे. लिटरभर पाण्यात दोन मिलिलिटर टाकायचे असेल, तर बाटलीतला द्रव फवाऱ्यातल्या द्रवाच्या पाचशेपट तीव्र असतो. तो बाटलीच्या झाकणाने मोजणे आणि बादलीत हात घालून ढवळणे अजूनही सर्रास चालते. त्यासाठी वेगळे माप आणि लांब काठी हवी, आणि हातात रबरी मोजे. कापडी किंवा चामड्याचे मोजे द्रव शोषून घेतात; त्यापेक्षा उघडा हात निदान धुता तरी येतो. पीक कमरेइतके असेल तर बाही मोज्याच्या बाहेर ठेवावी, हात वर करून फवारायचे असेल तर मोजा बाहीच्या बाहेर, म्हणजे ओघळ आत जात नाही. मोजे काढण्याआधी हातात असतानाच धुवावेत. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. विदर्भातल्या उकाड्यात डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख दिवसभर घालणे कुणालाही जमत नाही, हे पोशाख वाटणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणून काम सकाळीच उरकावे, आणि मोजे, पूर्ण बाह्या व पाठीवर प्लास्टिकचा तुकडा एवढे तरी सुटू नये.

खरी मेख आहे ती रोजच्या रोज साठत जाणाऱ्या परिणामात. निकामी झालेले विकर औषधाविना रक्तपेशींत दिवसाला साधारण एक टक्का एवढ्याच गतीने भरून येते. स्वतःच्या चार एकरांत एक दिवस फवारणारा शेतकरी आणि हंगामभर आज या, उद्या त्या शेतात रोजाने फवारणारा मजूर यांचा धोका म्हणूनच वेगळा. मजुराला पहिल्या दिवशी नुसते डोके दुखते, दुसऱ्या दिवशी मळमळते. ‘ऊन लागले’ म्हणून तो तिसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलतो. डोकेदुखी, अंधुक दिसणे, मळमळ यांपैकी काहीही जाणवले की फवारणी त्याच क्षणी थांबवायला हवी. रक्तातले हे विकर तपासता येते, पण हंगामाआधी ते तपासून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे मजुरांपर्यंत पोचलेली नाही.

रिकामा डबा हा निराळाच धोका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या शाळेत माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. त्याच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी केंद्राने २०२३ मध्ये रद्द केली. या गटातली इतर कीटकनाशके मात्र वापरात आहेत. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत; धुणारीने हातात मोजे घालावेत.

विषबाधेची शंका आली तर आधी कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे. दूध, तूप पाजण्यात किंवा उलटी काढण्यात वेळ घालवू नये. बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे, कारण कोणत्या गटाचे विष आहे त्यावर उपचार ठरतात. या गटावर अॅट्रोपिन देतात, तेही छातीतला कफ आटेपर्यंत पुन्हा पुन्हा. रुग्ण शुद्धीवर आला, बोलू लागला की घरचे सुट्टी मागतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये नोंदवून ठेवले आहे की, सुधारलेल्या रुग्णाचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू एक ते चार दिवसांनी अचानक ढिले पडू शकतात. त्या काळात त्याला उशीवरून मान उचलता येते का, हे डॉक्टर वारंवार पाहतात. ती उचलता येत नसेल, तर कृत्रिम श्वासाची तयारी ठेवावी लागते.