चिनी शाळेतील एक दिवस आणि आपल्या वस्त्यांवरच्या शाळा

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रायपूरच्या गोल बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मालवीय रस्त्याकडून आत शिरले की छत्र्या, रेनकोट, दप्तरे आणि वह्यांचे गठ्ठे दुकानांबाहेर मांडलेले दिसतात. छत्तीसगडमधील शाळा १६ जूनला उघडतात आणि तालुक्यांहून येणारी माणसे पावसाळ्याची व शाळेची खरेदी एकाच फेरीत उरकतात. २०२५ च्या जूनमध्ये नातवासाठी पाटी घ्यायला मी तेथे गेलो होतो. ज्या दुकानात गेली अनेक वर्षे जातो, त्या दुकानदाराने पाटीवरची धूळ पुसता पुसता सांगितले, “साहेब, आमची नोनी परत आली. चीनमधले शिक्षण संपले तिचे.” छत्तीसगडमध्ये लेकीला ‘नोनी’ म्हणतात. त्यांची ही नोनी आता डॉक्टर झाली होती आणि परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी असलेल्या पात्रता परीक्षेची तयारी करत वडिलांच्या गल्ल्यावर बसली होती.

करोनापूर्वी भारतातील सुमारे २३ हजार विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकशाखेचे होते. २०२० च्या आरंभी परतलेल्या या मुलांना २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत चीनची दारे बंद होती. ही मुलगीही त्यांपैकीच एक. दोन वर्षांहून अधिक काळ याच दुकानाच्या माळ्यावर बसून तिने मोबाइलवर शरीररचनाशास्त्राची व्याख्याने ऐकली होती. तिच्या अभ्यासाविषयी मी चार प्रश्न विचारले. पण तिला सांगायचे होते ते एका प्राथमिक शाळेविषयी. पुन्हा चीनला गेल्यावर विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला जिल्ह्याच्या लहानशा गावातील शाळा दाखवायला नेले होते.

“काका, सकाळी फाटकाशी पाहिले तर मुलांना सोडायला आलेले सगळे आजी-आजोबाच होते,” ती म्हणाली. वर्गांत चाळीस-पंचेचाळीस मुले. पहिलीचा वर्ग एका सुरात अक्षरे म्हणत होता. चिनी लिपीला वर्णमाला नाही, म्हणून मुलांना आधी रोमन अक्षरांतील उच्चारपद्धती, म्हणजे ‘पिनयिन’, शिकवतात. ती १९५८ पासून शाळांत आहे. तिच्या आधारावर चिन्हे शिकत मूल दुसरीच्या अखेरीस सुमारे १,६०० चिन्हे ओळखू लागावे आणि सहावी संपताना सुमारे ३,००० चिन्हे यावीत, अशी अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. मधल्या वेळेत ध्वनिक्षेपकावर संगीत लागले आणि सर्व मुलांनी डोळे मिटून कपाळ व डोळ्यांभोवतीचे बिंदू दाबण्याचा व्यायाम केला. चिनी शाळांत हा परिपाठ १९६० च्या दशकापासून चालत आला आहे. जेवण झाल्यावर ज्यांची पाळी होती त्यांनी फडकी व झाडू घेऊन आपला वर्ग स्वतः पुसला. शिक्षिका दाराशी उभी राहून केवळ पाहत होती. “आपल्याकडे हे काम मुलांना दिले तर पालक भांडायला येतील,” असे वडील मध्येच म्हणाले, तेव्हा ती हसली आणि मग थोडी थांबली.

“शेवटी आम्हाला मुलींचे वसतिगृह दाखवले. दुमजली लोखंडी पलंग, एकसारख्या रजया, खाली ओळीने तसराळी. आठ वर्षांची एक मुलगी माझा हात सोडेना. तिने उशीखालून एक किल्ली काढून दाखवली, घराची. आई-वडील दूर समुद्रकाठच्या शहरात कारखान्यात होते. तिच्या गावची शाळा बंद झाली, म्हणून ती आठवडाभर इथे राहायची. तिने विचारले, तू किती दिवसांनी घरी जातेस? मी म्हटले, दोन वर्षांनी. तर ती माझी समजूत घालू लागली. म्हणाली, मी तर दर शुक्रवारी जाते.”

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने प्रवाशांची वर्णने वाचताना आम्हाला दोन प्रश्न विचारायला शिकवले गेले होते. प्रवाशाला जे दाखवले ते कोणी दाखवले? आणि जे त्या खोलीत नव्हते ते कोण? गोल बाजारात ही हकीकत ऐकताना मला तेराशे वर्षांपूर्वीचा एक चिनी विद्यार्थी आठवला. त्याने हेच काम उलट दिशेने केले होते. इ-त्सिंग ६७१ साली चीनहून समुद्रमार्गे निघाला आणि पुढे सुमारे दहा वर्षे नालंदा येथे शिकला. भारतातील मुलांच्या आरंभीच्या शिक्षणाची नोंद त्याने केली आहे. मूल सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ शिकू लागते, त्यात ४९ वर्ण व त्यांचे जोडाक्षरांसह अठरा भाग असतात, हे सहा महिन्यांत पुरे होते आणि आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे पाठ करण्यास प्रारंभ होतो, असे तो लिहितो. ‘ॐ नमः सिद्धम्’ या त्या पहिल्या धड्यातूनच आपला ‘ओनामा’ हा शब्द आला. त्याच्या काही दशके आधी युआन श्वांगही या भूमीत येऊन गेला होता. त्याने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी म्हणजे रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवरचे सिरपूर, असे अनेक अभ्यासक मानतात.

या थोर विद्यार्थ्यांच्या निरीक्षणावर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सहाव्या वर्षी सिद्धम् शिकणारी ती मुले कोणाची होती? सिरपूरच्या विहारांसाठी वीट भाजणाऱ्यांची आणि महानदीकाठी धान लावणाऱ्यांची मुले त्या वर्णनात नाहीत. शाळा पाहणाऱ्याला शाळेत असलेली मुलेच दिसतात.

चीन आणि भारत यांच्या शालेय शिक्षणाची तुलना करताना हे ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन्ही देशांची स्थिती जवळजवळ सारखी होती. १९४९ मध्ये चीनमध्ये पाचांतील एकालाच लिहिता-वाचता येत होते, तर १९५१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरता १८.३३ टक्के होती. साठ वर्षांनंतर चीनच्या २०१० च्या जनगणनेत निरक्षरांचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते, आपल्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २७ टक्के. मोजमापाच्या व्याख्या काहीशा वेगळ्या आहेत, तरी अंतर लपत नाही. पंचेचाळीस मुलांच्या शिस्तीने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने हे अंतर पडलेले नाही. प्रारंभीच्या तीन दशकांत, सांस्कृतिक क्रांतीची उलथापालथ सोसूनही, चीनने शाळा गावात नेली. पात्रतेने अपुरा पण त्याच गावचा, गावानेच पोसलेला शिक्षक तेथे उभा केला. १९८६ मध्ये नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला तो या पायावर.

पुढे २००१ पासून त्याच चीनने कमी पटाच्या ग्रामीण शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळांत एकत्र करण्याचे धोरण नेटाने राबवले. २००० साली तेथे साडेपाच लाखांहून अधिक प्राथमिक शाळा होत्या, २०१० मध्ये सुमारे २ लाख ५७ हजार उरल्या. जन्मदर घटला होता, माणसे शहरांकडे निघाली होती, सुसज्ज शाळेचा खर्च वाचत होता. कागदावर सारे बिनतोड होते. प्रत्यक्षात सहा-सात वर्षांची मुले वसतिगृहांत गेली किंवा रोज दूरचा प्रवास करू लागली. नोव्हेंबर २०११ मध्ये गान्सू प्रांतात नऊ आसनांच्या एका गाडीत साठाहून अधिक जण कोंबून शाळेकडे नेले जात असताना अपघात झाला आणि सुमारे वीस जण, बहुतेक बालके, मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०१२ मध्ये चीनच्या मंत्रिमंडळाने आंधळेपणाने शाळा विलीन करण्यास मनाई केली. मात्र तोवर गेलेल्या शाळा गेल्या होत्या. उशीखाली किल्ली ठेवणारी ती मुलगी त्या धोरणाची वारस आहे.

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे तो एका अपराधामुळे. १ जानेवारी १९९७ पासून तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशात ‘शिक्षा गारंटी योजना’ लागू झाली. ज्या वस्तीला एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जेथे चाळीस मुले आहेत, आदिवासी भागात पंचवीस, तिने मागणी करताच नव्वद दिवसांत शासनाने तेथे शिक्षक द्यायचा, अशी ती हमी होती. माझ्या सेवेतील काही सर्वोत्तम दिवस या शाळा उघडण्यात गेले. काही वर्षांनी एका आदिवासी जिल्ह्यात काम करत असताना अकरा मुलांच्या अशाच एका शाळेची फाईल माझ्यापुढे आली. जवळची मोठी शाळा नकाशावर ९०० मीटरवर होती. टिपणी निर्दोष होती. मी ‘मान्य’ असा शेरा लिहून सही केली.

दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये त्या वस्तीवर जाण्याचा योग आला. ९०० मीटरच्या मधोमध नाला होता आणि तो कमरेएवढा भरला होता. फिरून जाणारी वाट तीन किलोमीटरच्या वर होती. नोंदवहीत अकराही मुले ‘समायोजित’ होती, त्यांची हजेरीही भरलेली होती. वस्तीत मात्र दहा-अकरा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेळ्यांमागे उभी होती. तिची आई शांतपणे म्हणाली, “शाळा लांब नाही साहेब. नाला मध्ये आहे.” मी परत येऊन पूर्वीची शाळा सुरू करण्याचा प्रस्ताव पाठवला. शिक्षक दुसरीकडे गेला होता, पद रद्द झाले होते. तो प्रस्ताव मी निवृत्त होईपर्यंत मंजूर झाला नाही.

गोल बाजारात ही मुलगी मला चीनची गोष्ट सांगत होती, त्याच दिवसांत छत्तीसगड शासन दहा हजारांहून अधिक शाळांचे ‘युक्तियुक्तकरण’ करत होते. शासनाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. यांतील बहुतेक विलीनीकरणे एकाच आवारातील शाळांची आहेत, त्यांत मुलांची वाट बदलत नाही. राज्यात शेकडो शाळांना शिक्षकच नव्हता, हजारो शाळा एका शिक्षकावर चालत होत्या, आणि शहरांत मात्र शिक्षक गरजेपेक्षा अधिक होते. ही विषमता दूर करणे कर्तव्यच आहे. माझी शंका उरलेल्या थोड्या शाळांविषयी आहे. महाराष्ट्राच्या वाचकांना हा प्रश्न परका नाही. तेथे २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळे’ची कल्पना पुढे आली. शिक्षणहक्क कायद्याचे नियम प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर सांगतात. ते अंतर नकाशावर मोजायचे की मुलाच्या पायांनी, यावर सारे अवलंबून आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एखादी शाळा दुसऱ्या जागी विलीन करण्यापूर्वी, सही करणाऱ्या अधिकाऱ्याने जुलै किंवा ऑगस्टमधील एका सकाळी त्या वस्तीतील सर्वांत लहान मुलाबरोबर नव्या शाळेपर्यंत चालत जावे आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर परतावे. त्या दिवसाची नोंद फाईलला जोडावी. तिच्याविना आदेश निघू नये. एवढे मी स्वतः केले असते, तर ते ‘मान्य’ मी लिहिले नसते.

पाटी घेऊन निघताना मी त्या मुलीला विचारले, पुढे कुठे काम करणार? ती म्हणाली, परीक्षा पार पडली तर गावाकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात. वडिलांनी पैसे मोजून घेतले आणि पाटीबरोबर पेन्सिलींचा एक डबा वर ठेवला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.