कर्करोगासारखा दिसणारा एक व्रण

लाळ या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा लाभलेली नाही. श्रीमंतापुढे वाकणाऱ्यास आपण लाळघोट्या म्हणतो, लोभी माणसाची लाळ गळते, आणि लाळ्या-खुरकत हे तर गुरांच्या रोगाचे नाव. 'तोंडाला पाणी सुटणे' या वाक्प्रचारात तिला थोडा मान मिळतो, पण तोही तिचे नाव टाळून. वस्तुतः निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. ती घास भिजवते, पिष्टाच्या पचनास आरंभ करते, दात जपते, आणि जिभेला फिरण्याजोगे ओले अंगण देते. कोरड्या तोंडाने व्याख्यान देता येत नाही, हे व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

ही लाळ येते कोठून? कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा तीन जोड्या मोठ्या ग्रंथींच्या. गालगुंड झाले की फुगते ती यांतली कानापुढची. या तीन जोड्या शाळेच्या पुस्तकात असतात. पुस्तकात सहसा नसतात त्या सूक्ष्म ग्रंथी. ओठ, गाल, जीभ आणि टाळू यांच्या अस्तराखाली अशा सहाशे ते हजार ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांतल्या टाळूवरच्या ग्रंथींना क्वचित जडणारी एक निरुपद्रवी व्याधी हा या लेखाचा विषय आहे. वैद्यक हे माझे क्षेत्र नव्हे. तथापि या व्याधीत सारा प्रश्न वाचनाचा आहे. एकाच चिन्हाचे दोन अर्थ संभवतात आणि चुकीचा अर्थ लावला तर माणसाचा जबडा जातो. वाचन हे मात्र माझे क्षेत्र होते.

प्रथम स्थान निश्चित करू. टाळू या शब्दाने आपण बाळाच्या डोक्याचा मऊ भागही दाखवतो आणि तोंडाचे छतही. येथे अर्थ दुसरा. व्याकरण शिकलेल्याला हे छत परिचित असते. 'चिंच' म्हणताना जीभ जिथे टेकते ती कठीण टाळू. 'काका' म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलला जाऊन जिथे लागतो ती मृदू टाळू. या दोहोंच्या सीमेजवळ, बहुधा मधल्या रेषेच्या एका बाजूस, ही व्याधी उद्भवते.

तिचे नाव नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया. ग्रीक भाषेचा हा सामासिक डोंगर फोडला की आत साधा मजकूर सापडतो. 'नेक्रोस' म्हणजे मृत, 'सायलॉन' म्हणजे लाळ, आणि 'मेटाप्लेझिया' म्हणजे एका प्रकारच्या पेशींनी दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे रूप घेणे. लाळग्रंथीचा काही भाग मरतो आणि उरलेला भाग रूप पालटतो, एवढेच ते नाव सांगते. १९७३ साली एब्रम्स, मेलरोज आणि हॉवेल या अमेरिकन संशोधकांनी सात रुग्णांच्या आधारे तिचे प्रथम वर्णन केले, आणि ही व्याधी मारक अर्बुदाचे सोंग घेते हे लेखाच्या शीर्षकातच नोंदवले. पुढे १९९१ मध्ये ब्रॅनन, फाउलर व हार्टमन यांनी ६९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती पुरुषांत अधिक आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास आढळते.

तिची वाटचाल चमत्कारिक आहे. आधी टाळूवर सूज येते; काहींना ठणका लागतो, काहींना नुसती बधिरता जाणवते. मग एके दिवशी त्या जागेचा तुकडाच गळून पडतो आणि तेथे एक ते पाच सेंटिमीटरचा, उभ्या कडांचा खोल खड्डा दिसू लागतो. गंमत अशी की खड्डा पडल्यावर वेदना पुष्कळदा ओसरते. वेदना नाही म्हणून रुग्ण निर्धास्त होतो आणि वैद्य मात्र धास्तावतो, कारण तोंडातला न दुखणारा व्रण ही वैद्यकात चांगली खूण मानलेली नाही. पण हा व्रण पाच-सहा आठवड्यांत, फार तर दहा-बारा आठवड्यांत, आपोआप भरून येतो. शस्त्रक्रिया नको, किरणोपचार नको. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि लागलीच तर वेदनाशामक गोळी एवढे पुरते.

कारण बहुतांशी रक्तपुरवठ्याचे. ग्रंथीकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी काही निमित्ताने आक्रसली वा बुजली की तिच्या भरवशावर जगणारा भाग मरतो. ते निमित्त दात काढताना टाळूत दिलेले भुलीचे इंजेक्शन असू शकते. त्यात रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अॅड्रेनॅलिन बहुधा मिसळलेले असते. नीट न बसणारी कवळी, तोंडाला झालेली इजा, घशाचा संसर्ग, वारंवार होणाऱ्या उलट्या, धूम्रपान ही आणखी काही. पुष्कळदा निमित्त सापडतही नाही.

आता वाचनाच्या प्रश्नाकडे वळू. व्रणाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, ज्याला बायॉप्सी म्हणतात, हाच निदानाचा मार्ग आहे. येथेच फसगत होते. मेलेल्या ग्रंथीच्या नलिकांतील पेशी चपट्या, खवल्यांसारख्या पेशींचे रूप घेतात आणि त्यांची बेटे खोलवर दिसू लागतात. तोंडाच्या नेहमीच्या कर्करोगातही खवल्यांसारख्या पेशींची बेटे खोलवर उतरलेली असतात. घाईने पाहणाऱ्यास दोन्ही एकच वाटतात. भेद असतो तो रचनेत. लाळग्रंथी द्राक्षांच्या घडासारखी बांधलेली असते. या व्याधीत द्राक्षे सुकतात, पण घडाची बाह्यरेषा शाबूत राहते. कर्करोगात घडाचा आकारच मोडून पेशी वाट फुटेल तिकडे शिरतात, आणि त्यांची केंद्रकेही बेढब होतात. सुटे शब्द पाहून वाक्याचा अर्थ लावू नये, अन्वय पाहावा, असे आम्ही वर्गात सांगत असू. विकृतिशास्त्रज्ञाचे काम याहून फारसे निराळे नाही. तुकडा फारच लहान वा उथळ असेल तर घडाची रेषा त्यात येतच नाही आणि कुशल वाचकही अडतो. असा अर्थ चुकल्यामुळे वरच्या जबड्याचा भाग काढून टाकला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

भोपाळमध्ये या प्रश्नाला विशेष धार आहे. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर येथील गांधी वैद्यकीय महाविद्यालयात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कार्यक्रमांतर्गत लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या अहवालांत येथील पुरुषांमध्ये तोंड व जीभ यांचे कर्करोग सातत्याने वरच्या क्रमांकांवर दिसतात. याचे मोठे कारण वायू नव्हे, तंबाखू. या शहराची ओळख सांगणाऱ्या जुन्या लोकोक्तीत जर्द्याला मानाचे स्थान आहे, आणि भोपाळी बटुव्याची कलाकुसर ज्या सुपारीसाठी, ती सुपारीही निर्दोष नाही. तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. पानाच्या टपऱ्यांवर पुड्यांच्या माळा मात्र त्यानंतरही लटकत राहिल्या, तंबाखू एका पुडीत आणि सुपारी दुसरीत.

अशा नगरात टाळूवर व्रण दिसला की वैद्याच्या मनात पहिला विचार कर्करोगाचा येतो, आणि तो यावाच. या लेखातून कोणी असा अर्थ काढू नये की व्रण आपोआप भरणारा असतो, म्हणून घरी बसून वाट पाहावी. तो अर्थ प्राणघातक ठरेल. आपोआप भरणारे व्रण विरळा. न भरणारे या शहरात विपुल. तोंडातला कोणताही व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दंतवैद्यास किंवा नाक-कान-घशाच्या वैद्यास दाखवावा आणि सांगितल्यास तुकडा तपासू द्यावा. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. तंबाखू खात असल्यास लाजेने लपवू नये. अलीकडे टाळूत इंजेक्शन घेतले असेल, नवी कवळी बसवली असेल, तर तेही आवर्जून सांगावे, कारण तुकडा वाचणाऱ्यास हा मागचा संदर्भ लागतो.

निदान सौम्य आले तरी व्रण पूर्ण भरेपर्यंत वैद्यास दाखवत राहावे. क्वचित शेजारच्या अर्बुदाने रक्तवाहिनी दाबल्यामुळेही असा व्रण उपजतो, म्हणून अपेक्षित काळात तो भरला नाही तर पुन्हा तुकडा घेतला जातो. निदान मारक आले, मोठी शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि शंका वाटली, तर दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचे मत घेता येते. त्यासाठी जबड्याला पुन्हा हात लावावा लागतोच असे नाही. मेणात बसवलेला मूळ तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. रुग्णाने वा त्याच्या नातलगाने मागितल्यास त्या दुसरीकडे तपासणीसाठी मिळू शकतात. हे काम काही दिवसांत होते. तेवढ्या दिवसांसाठी पुढची तारीख मागून घेण्यात संकोच नसावा. मात्र ती तारीख त्याच भेटीत ठरवून घ्यावी.