न नेमलेले मॉनिटर

सिल्वासाहून दक्षिणेला निघालं की महाराष्ट्राची सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. अलीकडे वारली पाडे, पलीकडेही वारली पाडेच. याच पट्ट्यात, डहाणू तालुक्यात, कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये इथं आलं. आदिवासी पाड्यांवरची अडचण साधीच, पण मोठी: आईबाप कामावर गेले की धाकट्याला सांभाळायला ताई घरी. मग ती शाळेत येणार कशी? त्यावरचा तोडगा म्हणजे ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच ठिकाणी. ताईनं धाकट्याला कडेवर घेऊनच यायचं!

वयांच्या या सरमिसळीची ताकद मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली उघडलेल्या बालगृहात ओळखली होती. माँटेसरी पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात. प्रत्येक साधन एकेकच, त्यामुळे थांबावं लागतं. आणि थांबलेलं मूल बघत बसतं.

बटणं लावण्या-सोडण्याच्या सरावाची चौकट घ्या. तीन वर्षांच्या पोराचं बटण काजात अडकून बसलंय. मोठ्यांना त्यात काय अवघड ते उमगत नाही, कारण आपण कसे शिकलो हे ते कधीच विसरलेत. पाच वर्षांच्या मुलीला मात्र बोटं नेमकी कुठं अडखळतात ते अजून आठवतं. ती सावकाश दाखवते: बटण आडवं धर, अर्धं घाल, आता पलीकडून ओढ. दुसऱ्याला दाखवताना तिला स्वतःची कृती सुटी करून पाहावी लागते, आणि तिचंच शिकणं पक्कं होतं.

खरी कमाल पुढेच. सगळी बटणं लावून झाली की ती पुन्हा सोडते, चौकट त्याच्यापुढे सरकवते आणि स्वतःचे हात मागे घेते. करून देण्याचा मोह आवरणं भल्याभल्या पुढाऱ्यांना जमत नाही. इथं ते वर्गातल्या रोजच्या वागण्यातून अंगवळणी पडतं. दटावून काम होत नाही, हे तिला धाकटाच शिकवतो: तो सरळ उठून निघून जातो.

आणि हे पुढारपण कायमचंही नाही. सहाव्या वर्षी ती पुढच्या, सहा ते नऊ वर्षांच्या वर्गात जाते, तिथली सगळ्यात धाकटी होऊन. मदत कशी करावी हे शिकलेलं मूल आता मदत मागायलाही शिकतं.