माध्यमिक विद्यार्थ्यांचे गैरवर्तन : कुटुंब व मित्रसंगतीचा प्रभाव (डिचोली व पेडणे तालुक्यांच्या संदर्भात)

दहावीनंतर जी मुले आपल्या महाविद्यालयात येतात, त्यांच्या बऱ्याच सवयी माध्यमिक शाळेतच पक्क्या झालेल्या असतात. तासाला दांडी मारणे, पालकांची खोटी सही करणे, दुबळ्या मुलाला छळणे, तंबाखू, परवान्याशिवाय दुचाकी चालविणे ही गैरवर्तनाची नेहमीची रूपे होत. शिक्षक-पालक सभेत त्यांची कारणमीमांसाही ठरलेली असते. शिक्षक म्हणतात, घरचे वळण नाही. पालक म्हणतात, संगत वाईट लागली. ही दोन स्वतंत्र कारणे नसून एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

उर्दूत तालीम आणि तरबियत असे दोन शब्द आहेत. पहिली मदरशात किंवा शाळेत मिळते, दुसरी घरात. आपला ‘सोबत’ हा शब्दही ‘सोहबत’वरूनच आला आहे. उर्दूत मात्र सोहबत म्हणजे केवळ बरोबर असणे नव्हे, तर ज्याच्या बरोबर असतो त्याचा रंग लागणे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी 1939 मध्ये जवळपास हेच शास्त्रीय भाषेत मांडले. गुन्हेगारी वर्तन रक्तातून येत नाही, जवळच्या माणसांकडून शिकले जाते, असा त्यांचा सिद्धांत होता.

घरातील ताण कसा झिरपतो

डिचोली तालुक्याचे अर्थकारण अनेक दशके लोहखनिजावर उभे होते. खाणी, टिपर ट्रक, गॅरेज, मांडवीतील बार्ज अशी ती साखळी होती. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य शासनाने व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. पुढे ते अंशतः सुरू झाले आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांत हप्ता राहिला, उत्पन्न गेले. अशा घरातील मुलगा नववीत बिघडला तर त्याचे कारण ‘गरिबी’ असे नोंदवून आपण मोकळे होतो. ते पुरेसे नाही.

अमेरिकेतील 1930 च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी 1974 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मिळकत घटल्याचा परिणाम मुलांवर मुख्यतः आईवडिलांच्या बदललेल्या वागण्यातून होतो, असे या संशोधनाच्या धारेतून दिसून आले. चिडलेला बाप एकाच चुकीबद्दल आज मारतो आणि उद्या तिकडे बघतही नाही. कडक शिस्त मुलाला समजते, सौम्यही समजते. लहरी शिस्त समजत नाही. मग बापाचा मूड पाहून काय सांगायचे आणि काय लपवायचे, हे मूल ठरवू लागते.

पेडण्याच्या किनारपट्टीवर चित्र उलटे आहे. हरमल, मांद्रे, मोरजी येथे पर्यटनाच्या हंगामात पैसा येतो, पण घरातील मोठी माणसे खोल्या, शॅक, भाड्याच्या गाड्या यांत रात्री उशिरापर्यंत गुंततात, आणि हा हंगाम नेमका शाळेच्या महिन्यांतच येतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातीही चार पैसे येतात, ज्यांचा हिशेब कुणी विचारत नाही. वडील आखातात किंवा जहाजावर असलेल्या घरांचे दुखणेही याच जातीचे. पैसा असणे आणि नसणे, दोन्हींतून घडते एकच : संध्याकाळी मुलाशी बोलायला कुणी उरत नाही.

पाळत की संवाद?

यावर पालकांना सरसकट सल्ला दिला जातो, ‘लक्ष ठेवा’. स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन व मार्गारेट केर यांनी 703 चौदावर्षीय मुले व त्यांचे पालक यांचा अभ्यास करून 2000 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या पालकांना मुलांविषयी अधिक माहिती होती, त्यांची मुले कमी बिघडलेली होती. परंतु ही माहिती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे मिळालेली होती, पाळतीमुळे नव्हे. मोबाईल तपासणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

मित्राचे महत्त्व येथे कळते. घरी न सांगितलेले मूल त्याला सांगते, आणि तो रागावत नाही. शिवाय या वयात मित्रांची नुसती उपस्थितीही प्रभावी असते. गार्डनर व स्टाइनबर्ग यांच्या 2005 च्या प्रयोगात 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी गाडी चालविण्याच्या संगणकीय खेळात मित्र जवळ असताना कितीतरी अधिक धोका पत्करला. प्रौढांमध्ये असा फरक पडला नाही. एकटा असताना शहाणा वाटणारा मुलगा चौघांत असा का वागतो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर यात आहे.

शाळा काय करते

गोवा बालक कायदा, 2003 अन्वये शाळेत शारीरिक शिक्षेस बंदी आहे आणि हा कायदा अठरा वर्षांखालील सर्वांना लागू आहे. छडी गेली, पण तिच्या जागी आपण दोन सोयी शोधल्या. एक म्हणजे पालकांना बोलावून तक्रार करणे. ज्या घरात आधीच ताण आहे तिथे या तक्रारीचे रूपांतर मारात होते, आणि मूल शाळेतही बोलेनासे होते. दुसरी म्हणजे सर्व ‘वाह्यात’ मुले एका तुकडीत टाकणे, किंवा त्यांना एकत्र बसवून उपदेश करणे. टॉमस डिशन व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की अशा मुलांचे गट करून घेतलेले सुधारणेचे कार्यक्रम कधीकधी अपायच करतात, कारण ती मुले एकमेकांच्या खोड्यांना हसून दाद देतात आणि खोड्या वाढतात. माझ्या मते तुकड्यांची ही पद्धत छडीइतकीच घातक आहे. फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ नावाचा प्रकल्प राबविला. 74 शाळांतील या प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. मुलांना आपली अडचण लिहून टाकता येईल अशी पेटी, भित्तिपत्रक, गटकार्य, वैयक्तिक समुपदेशन असे त्याचे साधे स्वरूप होते. काही शाळांत हे काम केवळ याचसाठी नेमलेल्या, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकाकडे होते. काही शाळांत तेच काम तेथील शिक्षकाकडे दिले होते. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी व हिंसा घटली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा परिणाम आढळला नाही.

हा निष्कर्ष आपणा शिक्षकांना बोचणारा आहे. शिकविण्याचा भार हे एक कारण असू शकेल. परंतु गुण देणारा, हजेरी घेणारा आणि घरी तक्रार पाठविणारा माणूस व मूल ज्याच्यापाशी मन मोकळे करील तो माणूस एकच असावा, ही आपली अपेक्षा तरी कितपत रास्त आहे, याचा विचार समुपदेशकाची जागा मागताना करावा लागेल.